अनुभव धागा : बेसबॉलचं मैदान राखणारे, इकडे या

गिरकी
इंडियानातल्या इव्हान्सविलच्या गार्विन पार्कमधल्या बॉसी फील्डचा फोटो सकाळपासून ग्रुपवर फिरतोय. १९१५ चं, शहराच्या मालकीचं स्टेडियम. व्यावसायिक संघ नेमाने खेळतात अशांत त्याहून जुनी दोनच, बोस्टनचं फेनवे (१९१२) आणि शिकागोचं रिग्ली (१९१४). फोटोतली माती बघून शनिवार सकाळची दताळी आठवली. पार्कातल्या छोट्या मैदानांवर ते काम शेवटी पोरांच्या आईबापांवरच येतं. तर लिहा काय काय येतं ते. कौतुक नको, कृती लिहा.

कोरडवाहू
कडा सांभाळा, बाकी सगळं नंतर. माती सारखी करायला जाळी ओढताना गवताच्या कडेपासून फूटभर अलीकडेच थांबायचं. कडेपर्यंत नेली की माती गवतात साठते, महिन्याभरात वरंबा होतो. मग चेंडू तिथे आपटून थेट पोराच्या तोंडावर उडतो आणि पावसाचं पाणीही आतच अडतं. कडेची पट्टी हाताने, दताळ्याने, कडेला समांतर, आडवं नाही. जाळी दर वेळी वेगळ्या जागेवरून बाहेर काढा, नाहीतर तिथे ढीग ठरलेला.

मुपो ओहायो
+१. आणि डबकं झाडूने ढकलणारे!! पाण्याबरोबर बारीक माती जाते, खड्डा खोल होतो, पुढच्या पावसात तिथेच दुप्पट डबकं. आधी हातपंप नाहीतर स्पंजने पाणी उचला, मग भाजलेल्या मातीचे दाणे पसरून दताळ्याने मिसळा. साचलेल्या पाण्यात पोतं ओतलं तर नुसती खीर होते.

शंपी
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. फक्कीबद्दल: शाळेत कबड्डीला टाकायचे तो विझवलेला चुना इथे अजिबात नको. पोरं घसरत येतात, घाम असतो, कातडी भाजते, डोळ्यात गेला तर विचारू नका. चुनखडीची भुकटी घ्या.
दोरी ताणल्याशिवाय रेघ मारू नका हे पण.

गिरकी
@शंपी कुकरच्या शिट्ट्या मोज आधी 😀

गुण्या_ओळंबा
लिटल लीगला, म्हणजे पोरांच्या बेसबॉलला, बेस (पळत गाठायचे टप्पे) एकमेकांपासून ६० फुटांवर. होमच्या (बॅटवाला उभा राहतो ती पाटी) मागच्या टोकापासून दुसऱ्या बेसच्या मध्यापर्यंत ८४ फूट १० इंच आणि पाव. हा कर्ण जुळला की काटकोन जुळला. लांब टेप नसेल तर गवंड्यांचा ३-४-५ आहेच. चुकतं कुठे? पहिला आणि तिसरा बेस चौकोनाच्या आत पूर्ण बसतात, दुसऱ्याचा मात्र मध्य कोपऱ्यावर येतो. तिन्ही सारखे लावले की पंच बोंबलतात.

कोरडवाहू
@गुण्या माउंडचं, चेंडू टाकणाऱ्याच्या उंचवट्याचं, पण लिही ना.

गुण्या_ओळंबा
मोठ्यांचा १० इंच उंच, रबरच्या (वरची पाय टेकवायची पट्टी) पुढे ६ इंचांनंतर दर फुटाला १ इंच उतार. पोरांचा बुटका. पाय पडतो तिथला खड्डा भरताना: सुटी माती काढा, तळ ओला करा, चिकणमाती घाला, धुम्मसाने ठोका, ताडपत्री. कोरड्यावर कोरडी टाकली तर थर धरतच नाही, दुसऱ्या इनिंगला पापडासारखा निघतो.

नवखा_टेक्सास
अवांतर: आउटफिल्डवर मॅट टाकून क्रिकेट चालतं का? आमच्याकडे पार्कवाले बघतात रागाने.

मुपो ओहायो
परमिट असेल तर चालतं. मॅट संध्याकाळी गुंडाळायचीच, दोन दिवस राहिली की खाली गवत पिवळं. आणि खिळे मोजून ठोका, मोजून काढा. गवतात राहिलेला एक खिळा मोवरच्या पात्यात गेला की पुढचं परमिट विसरा.

शंपी
पोह्याचे डबे डगआउटमध्ये (खेळाडू बसतात ती शेड) नको, मुंग्या होतात. कुकर झाला. @गुण्या धुम्मस कुठे मिळतं इकडे?

गुण्या_ओळंबा
हार्डवेअरच्या दुकानात, पेव्हर ब्लॉकच्या सामानाजवळ. ८ बाय ८ इंच तळाचं घ्या, १० बाय १० ने हात भरून येतात.