वचनांच्या डायऱ्यांचा ब्रँड: श्रद्धा किती पुढे ठेवावी, प्रसिद्धी कशी करावी?

दवबिंदू:

बायबलमधल्या वचनांच्या रोजनिशा, प्रार्थनेच्या वह्या आणि सोबत कुणालाही चालतील असे साधे प्लॅनर असा माझा व्यवसाय आहे. आजवरची विक्री बहुतेक मंडळीतल्या (चर्चमधल्या) ओळखीवर झाली. आता नाव, लोगो, वेबसाइट नीट करून बाहेरच्या ग्राहकांपर्यंत जायचं आहे. चार ठिकाणी अडलंय.

१. लोगोत क्रूस, कबूतर असं काही असावं का? नसलं तर लपवल्यासारखं वाटतं आणि असलं तर साध्या प्लॅनरचं गिऱ्हाईक आत शिरणारच नाही अशी भीती.
२. प्रेस नोट कुणाला आणि कधी पाठवायची?
३. व्यवसायातला दशांश (दहावा भाग) एका बालगृहाला जातो. ते सांगावं, की मत्तय ६ (दान गुप्त ठेवा) वाचून गप्प बसावं?
४. ऑनलाइन जाहिरातीत "ख्रिस्ती भगिनींनो" अशी थेट हाक मारता येते का?

"देव बरोबर आहे, घाबरू नका" हे भरपूर ऐकून झालंय, त्यामुळे कृपया कामाचं सांगा. :)

---

टाकदौत:

लोगोत नको, असं माझं स्पष्ट मत. लपवण्याचा प्रश्नच नाही. क्रूस, मासा, कबूतर, दिवा, गव्हाची लोंबी ही चिन्हं इतक्या जणींनी वापरली आहेत की शेजारी शेजारी ठेवली तर कुणाचं दुकान कुठलं ते कळत नाही. शिवाय ही चिन्हं सगळ्यांची. ट्रेडमार्क म्हणून त्यांवर एकटीचा हक्क मिळवायला गेलात तर बहुधा अडतं. नावांचंही तेच: कृपा, शालोम, एबेनेझर, सद्गुणी स्त्री. सर्चमध्ये टाकून बघा, पहिल्या तीन पानांत तुमचा नंबर लागणार नाही. नक्की करण्याआधी ट्रेडमार्कच्या नोंदणीत वर्ग १६ (कागदी वस्तू) आणि वर्ग ३५ (विक्री सेवा) दोन्ही तपासा. उद्या कापडी पिशव्या काढणार असाल तर वर्ग १८ सुद्धा. वर्गांची ही विभागणी बहुतेक देशांत सारखीच असते.

मग श्रद्धा दिसावी कुठे? मालात पूर्ण आणि "आमच्याविषयी" पानावर एक परिच्छेद. त्या परिच्छेदात विशेषणं नकोत, वागणूक लिहा: रविवारी ऑर्डर पाठवत नाही, कारागिरांचे पैसे ठरल्या तारखेला देतो, चुकीची छपाई गेली तर वाद न घालता बदलून देतो. बाहेरच्या माणसाला हे पडताळून बघता येतं. "ख्रिस्ती मूल्यांवर आधारित" हे कुणी कसं पडताळणार?

साध्या प्लॅनरसाठी वेगळा ब्रँड काढू नका. एकाच नावाखाली दोन मालिका ठेवा. दोन ब्रँड म्हणजे दोन नोंदण्या, दोन खाती, दोनदा फोटो, आणि एकटी बाई दोन्हीकडे अर्धवट पुरते.

लोगो हातात आला की तीन परीक्षा घ्या. १६ बाय १६ पिक्सेलला ओळखू येतो का (ब्राउझरच्या टॅबवर तेवढाच दिसतो). एका रंगात, रबरी शिक्क्यावर चालतो का. आणि पांढऱ्यावर वाचता येतो का. सोनेरी अक्षरांची हौस फार असते, पण पांढऱ्यावर सोनेरीचा कॉन्ट्रास्ट (उजेड-अंधाराचा फरक) साधारण २:१ भरतो. लहान मजकुराला किमान ४.५:१ लागतो. सोनेरी फॉइल मुखपृष्ठावर शोभतं, वेबसाइटवर तेच मोहरीच्या डागासारखं दिसतं.

जांभळ्याचाही तोच घोळ. लुदिया जांभळी वस्त्रं विकायची (प्रेषितांची कृत्ये १६:१४), म्हणून हा रंग आवडीनं घेतला जातो. स्क्रीनवरचा झगझगीत जांभळा छपाईत निळ्याकडे झुकतो. सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या पद्धतीत) सायन (निळी शाई) मॅजेंटापेक्षा (गुलाबी शाई) निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवा, आणि ज्या कागदावर माल छापणार त्याच कागदावर प्रूफ मागा. अनकोटेड (बिनचकाकीचा) कागद शाई पितो, रंग आणखी मंदावतो.

डिझायनरकडून एसव्हीजी किंवा एआय (इलस्ट्रेटरची) फाइल, म्हणजे कितीही मोठी केली तरी न बिघडणारी, घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. नुसती जेपीजी घेऊन बसलात तर पहिल्या बॅनरलाच अडाल.

---

समास_सोडा:

प्रश्नात नाही, पण सगळ्यात आधी हे बघा: वचनं कुठल्या भाषांतरातली आहेत? मूळ ग्रंथ प्राचीन असला तरी आधुनिक भाषांतरावर प्रकाशकाचा कॉपीराइट असतो.

उदाहरणादाखल एनआयव्ही या इंग्रजी भाषांतराचा नियम घ्या. लेखी परवानगीशिवाय ५०० वचनांपर्यंत उद्धृत करता येतात, पण दोन अटी आहेत: बायबलमधलं एखादं पुस्तक पूर्ण येता कामा नये, आणि वचनांचा मजकूर तुमच्या एकूण मजकुराच्या २५ टक्के किंवा जास्त भरता कामा नये. रोजनिशी बनवणारे "आमची ३६५च आहेत" म्हणून निर्धास्त असतात आणि दुसऱ्या अटीत सापडतात. रोजनिशीत असतं काय? तारीख, वार, एक वचन आणि खाली रेघा. रेघा म्हणजे मजकूर नव्हे. त्यामुळे छापील शब्दांत वचनांचाच वाटा निम्म्याहून जास्त निघतो.

तेव्हा प्रकाशकाला लेखी विचारा. पत्रात एवढं हवं: वस्तूचं नाव, प्रती किती, विक्री किंमत, कुठल्या देशांत विकणार, वचनांची संदर्भांसह पूर्ण यादी. उत्तराला काही आठवडे लागतात. छपाईची तारीख त्यानंतरची धरा. मराठी भाषांतरांनाही हेच लागू. इंग्रजी मजकुरात वर्ल्ड इंग्लिश बायबल हे कॉपीराइटमुक्त भाषांतर आहे. किंग जेम्स जुनं असल्यानं बहुतेक ठिकाणी मुक्त आहे, पण युनायटेड किंग्डममध्ये त्याच्या छपाईचे हक्क अजून राजसत्तेकडे आहेत.

पुढे प्रसिद्धी झाली की हे सगळं लोकांच्या नजरेत येतं. आधी कागद, मग प्रेस नोट.

---

दुसरी_आवृत्ती:

प्रेस नोटचं सांगते. "ख्रिस्ती महिलेने व्यवसाय सुरू केला" ही बातमी होत नाही. बायका व्यवसाय करतात आणि त्यांतल्या काही ख्रिस्ती असतात, संपादक त्यात काय छापणार? बातमी म्हणजे नवं, मोजता येणारं, वाचकाच्या उपयोगाचं काहीतरी. दृष्टी अधू असलेल्यांसाठी १८ पॉइंट अक्षरातली प्रार्थनेची वही काढलीत, तर ती बातमी.

याद्या दोन करा. एक ख्रिस्ती नियतकालिकं, मंडळ्यांची मुखपत्रं, पॉडकास्ट. दुसरी सर्वसाधारण: महिला पुरवण्या, लघुउद्योगाची पानं, स्टेशनरी आणि हस्तकलेवर लिहिणारे. प्रत्येकीत १५ ते २० नावं पुरतात, पण प्रत्येकाचे मागचे तीन लेख वाचलेले असावेत. नोट एकच चालेल, वरचं पत्र वेगळं. पहिल्या यादीला वचनांची निवड कशी केली ते सांगा. दुसऱ्या यादीला बांधणी, कागद, रोजगार, वापर. दुसऱ्या यादीच्या पत्रात वचन टाकू नका, प्रवचन आल्यासारखं वाटतं. आणि पहिल्या यादीला "आपल्याच बहिणीला मदत करा" असा सूर लावू नका. तिथल्या संपादकालाही पान भरायला मजकूरच लागतो.

नोट एका पानात बसवा, ३०० ते ४०० शब्द. वर शीर्षक, दहाएक शब्दांचं. मग ठिकाण आणि तारीख. पहिल्या परिच्छेदात कोण, काय, कधी, कुठे, का. दुसऱ्यात तपशील: पानं, आकार, कागदाचं वजन, किंमत, कुठे मिळेल. मग तुमचं एक वाक्य अवतरणात. बहुतेकींचं इथेच बिघडतं. "मला अत्यंत आनंद होत आहे" हे वाक्य संपादक पहिल्यांदा कापतो. त्याऐवजी निर्णयामागचं कारण सांगा: "रोजच्या पानावर वचन वर न ठेवता खाली ठेवलं, कारण दिवस लिहून झाल्यावर ते वाचावं अशी कल्पना आहे." हे छापलं जातं. शेवटी व्यवसायाची ओळख ५० ते ७५ शब्दांत, आणि संपर्क. फोन असा द्या की दिवसा उचलला जाईल.

नोट ईमेलच्या मजकुरातच चिकटवा. जड जोडण्या नकोत, फोटोंची लिंक द्या. फोटो मोजकेच पुरेत: मालाचा साध्या पार्श्वभूमीवर, तुमचा काम करताना, एक उभा आणि एक आडवा पर्याय. १५ बाय १० सेंटिमीटर छपाईला ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) साधारण १७७२ बाय ११८१ पिक्सेल लागतात. व्हॉट्सअॅपवरून साधा पाठवलेला फोटो दाबला जाऊन बारीक होतो, तो चालत नाही.

वेळ: मासिकाला ४ ते ५ महिने आधी, साप्ताहिकाला ४ आठवडे, दैनिकाला आणि वेबसाइटला ७ ते १० दिवस, पॉडकास्टला ६ ते ८ आठवडे. नव्या वर्षाची रोजनिशी नाताळ अंकात यावी असं वाटत असेल तर मासिकांना पत्र जुलैत गेलं पाहिजे. नोव्हेंबरमध्ये पाठवणारे पुष्कळ असतात, तोवर अंक छापखान्यात गेलेला असतो.

ईस्टर दरवर्षी हलतो, कॅलेंडर बघून ठरवा. २०२७ मध्ये तो २८ मार्चला आहे, म्हणजे राखेचा बुधवार (उपवासकाळाची सुरुवात) १० फेब्रुवारीला. उपवासकाळाची वही त्याआधी ग्राहकाच्या हातात हवी, ४० दिवसांचा क्रम मधूनच कुणी सुरू करत नाही. बहुतेक ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचा ईस्टर त्या वर्षी २ मे रोजी आहे, तिथे वेगळी फेरी जमते. ८ मार्चच्या आसपास महिला उद्योजिकांच्या पत्रांचा पूर येतो, त्या आठवड्यात तुमची नोट दबेल. मार्चचा पहिला शुक्रवार हा जागतिक प्रार्थना दिन. स्त्रियांनीच उभी केलेली ही परंपरा आहे आणि पुष्कळ देशांत पाळली जाते, त्यामुळे पहिल्या यादीसाठी चांगलं निमित्त.

आधी वेळ लावून ठेवलेल्या पोस्टही तपासा. गुड फ्रायडेला सकाळी "आज २० टक्के सूट!" अशी आपोआप गेलेली पोस्ट फार महागात पडते.

आठवण एकदाच करा, ३ ते ४ कामाच्या दिवसांनी, दोन ओळींत. त्यानंतर नाही.

---

दवबिंदू:

खूप उपयोगी, धन्यवाद. वचनांचा २५ टक्क्यांचा हिशेब लगेच करायला घेते. दशांश आणि जाहिरातीचं राहिलं. आणि एक जोडप्रश्न: कमेंटमध्ये कुणी धर्मावरून खोचक बोललं तर काय करायचं?

---

अबोली_वर्ग:

दशांशावर इथे दोन मतं होतील. मत्तय ६:३ मध्ये डाव्या हाताला कळू देऊ नको म्हटलंय, तर ५:१६ मध्ये सत्कर्मं लोकांना दिसू द्या असंही आहे. व्यवहारात सोपी रेघ आहे: देणगी तुमच्या खिशातून जात असेल तर गप्प बसा. ती किंमतीच्या जोरावर, ग्राहकाला सांगून गोळा होत असेल तर हिशेब द्यावाच लागेल. "विक्रीतला काही भाग सत्कार्याला" हे वाक्य मात्र कधीच नको, संशय तिथूनच सुरू होतो. लिहायचं तर पूर्ण लिहा: टक्का किती, तो विक्रीवर की निव्वळ नफ्यावर, कुठल्या संस्थेला, कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत. विक्रीवरचे १० टक्के आणि नफ्यावरचे १० टक्के यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. नफा विक्रीच्या १५ टक्के असेल तर १०० च्या विक्रीमागे एकीकडे १० जातात, दुसरीकडे दीड. मुदत संपली की रक्कम जाहीर करा. संस्थेची लेखी संमती आधी घ्या आणि मुलांचे चेहरे वापरू नका, संमती असली तरी.

ग्राहकांचे अभिप्राय आणि मंडळीतल्या साक्षी (श्रद्धेचे अनुभव) यांची सरमिसळ करू नका. प्रार्थना गटात सांगितलेली गोष्ट तिथेच राहायला हवी. ती वेबसाइटवर टाकायची तर त्या बाईनं तो मजकूर वाचून होकार लिहून दिलेला असावा. "ही वही वापरल्यापासून माझं नैराश्य गेलं" असले अभिप्राय होकार असला तरी गाळा, तो आरोग्याचा दावा होतो. पाळकांनी शिफारस केली आणि ते तुमचे नातेवाईक असतील तर नातं तिथेच नमूद करा.

मंडळीचा व्हॉट्सअॅप गट ही तुमची ग्राहकयादी नव्हे. ते नंबर उचलून प्रचार सुरू केलात तर नाराजी होईलच, आणि युरोपात ग्राहक असतील तर प्रकरण कायद्यापर्यंत जातं. तिथल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याच्या कलम ९ प्रमाणे धार्मिक श्रद्धा ही विशेष संरक्षणाची माहिती आहे. "ख्रिस्ती ग्राहक" असा रकाना एक्सेलमध्ये ठेवणं म्हणजे तीच माहिती साठवणं. रकान्याला "वचन मालिका घेतली" असं नाव दिलं तरी त्यातून श्रद्धेचा अंदाज निघतो. तेव्हा लोकांना स्वतःहून नाव नोंदवू द्या आणि बाहेर पडायची सोय प्रत्येक मेलमध्ये ठेवा.

जाहिरातीतली हाक: टाळा. मेटाच्या (फेसबुक, इन्स्टाग्रामची कंपनी) जाहिरात नियमांत समोरच्याचा धर्म गृहीत धरणारा मजकूर चालत नाही, म्हणून "तुम्ही ख्रिस्ती गृहिणी आहात का?" हे नाकारलं जाऊ शकतं. धर्माशी निगडित टार्गेटिंगचे (जाहिरात कुणाला दिसावी ते निवडण्याचे) सविस्तर पर्यायही त्यांनी १९ जानेवारी २०२२ पासून काढून टाकले आहेत. गूगललाही धार्मिक श्रद्धेवरून व्यक्तिगत टार्गेटिंग चालत नाही. धार्मिक वस्तूची जाहिरात मात्र करता येते. बोलायचं ते वस्तूविषयी: "रोज एक वचन, एक पान, झोपण्याआधी पाच मिनिटं." फोटोत उघडी वही आणि वाचता येईल असं वचन ठेवा. ज्याला हवं तो थांबतो, बाकीचे पुढे सरकतात. गाळणीचं काम मजकूरच करतो.

---

दुसरी_आवृत्ती:

कमेंटचं: आधी दोन ढीग करा, तक्रार आणि टोमणा. "ख्रिस्ती म्हणवता आणि डिलिव्हरी तीन आठवडे उशिरा" ही तक्रार आहे, टोमणा नुसता चिकटलेला आहे. उत्तर डिलिव्हरीचं द्या. तिला श्रद्धेवरचा हल्ला समजून वचनं सुनावत बसलात तर पुढचे पन्नास वाचणारे त्या ग्राहकाच्या बाजूनं जातील. नुसता टोमणा असेल तर एकदा शांतपणे उत्तर, दुसऱ्यांदा नाही. शिव्या आणि धमक्या लपवा, पण आधी स्क्रीनशॉट घ्या. तक्रारी कधी पुसू नका.

प्रकरण वाढलं तर तासाभरात तीन वाक्यं बाहेर जायला हवीत: काय झालं ते आम्हाला कळलंय, आम्ही अमुक तपासतोय, अमुक वाजता पुढचं सांगू. ती वेळ पाळा, सांगण्यासारखं काही नसलं तरी. मसुदा आजच तयार करून ठेवा. भांडणाच्या दिवशी चांगलं लिहिता येत नाही.

मुलाखतीची वेळ आली तर हे तीन प्रश्न येणारच: नफा मंडळीला जातो का, कामाला फक्त ख्रिस्तीच घेता का, इतर धर्मीय ग्राहक चालतात का. प्रत्येकाचं उत्तर दोन वाक्यांत, खरं, लिहून पाठ. तिसऱ्याचं उत्तर द्यायला तर तुमचे साधे प्लॅनर आहेतच.