किडनी ट्रान्सप्लांटनंतर गुहागरला: टॅक्रोलिमस लेव्हल अचानक १८

खाडीकाठ
आईचं ट्रान्सप्लांट मुंबईत झालं, तीन महिने होत आले. आता गावी राहायला परवानगी आहे. दर पंधरा दिवसांनी टॅक्रोलिमसची (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायचं औषध) रक्तातली लेव्हल आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी तपासणी) यांसाठी रक्त चिपळूणला द्यायचं. डोस सकाळी ८, रात्री ८. मुंबईत लेव्हल ९ होती, इथे पहिल्याच खेपेला १८. डोस तोच, क्रिएटिनिनही तेवढंच. काय तपासावं? शिवाय पावसाळा तोंडावर आहे, पाणी विहिरीचं आणि घरामागे भातशेती.

जांभळं टोपण
आधी हे सांगा, रक्त काढलं तेव्हा सकाळची कॅप्सूल पोटात गेली होती का? गुहागरहून एसटीने चिपळूणला पोचून नंबर लागेपर्यंत साडेनऊ तरी होतात, आणि ८ ची गोळी चुकू नये म्हणून पेशंट ती घरीच घेऊन निघतो. घेतल्यावर साधारण १ ते ३ तासांत औषध रक्तात सर्वांत चढलेलं असतं. आपल्याला हवी असते बारा तासांनंतरची, पुढच्या डोसच्या आधीची लेव्हल. फुगलेला आकडा बघून डोस कमी केला की खरी लेव्हल घसरते, म्हणजे रिजेक्शनला (शरीराने किडनी नाकारण्याला) आयतं आमंत्रण.

मुंबईच्या ट्रान्सप्लांट युनिटला विचारून डोसची वेळ सकाळी १० आणि रात्री १० करून घ्या. सकाळची कॅप्सूल पट्टीसकट सोबत न्या, रक्त दिलं की तिथेच घ्या. पट्टीतून आधी काढून ठेवू नका, आपल्याकडची दमट हवा तिला सोसत नाही.

नळी जांभळ्या टोपणाची, ईडीटीएची (रक्त गोठू न देणारं रसायन), आणि अख्खं रक्त. औषध बहुतेक तांबड्या पेशींत असतं, त्यामुळे कुणी सवयीने सिरम (पेशी वगळून उरलेलं पाणी) काढून पाठवलं तर तो आकडा कामाचा नाही. नमुना थंड ठेवायचा, गोठवायचा नाही. शनिवारी देऊ नका, रविवारी पडून राहतो. शेवटचा डोस किती वाजता आणि रक्त किती वाजता, दोन्ही फॉर्मवर लिहायला लावा. लॅब एकच धरा, कारण मोजायच्या पद्धती दोन आहेत; इम्युनोअसेचा आकडा मास स्पेक्ट्रोमेट्रीपेक्षा बरेचदा जास्त येतो. डायलिसिससाठी केलेल्या फिस्टुलाच्या हाताला सुई नाही, बीपीचा पट्टाही नाही.

परसदार
गोळी आधी घेतली नसेल तर लेव्हल खरंच चढली असेल. जुलाब झाले होते का? जुलाबात टॅक्रोलिमस जास्त शोषलं जातं. परसात पपनस आहे का? ते ग्रेपफ्रूटचं भाऊबंद, आतड्यात औषध मोडणारं एन्झाइम अडवतं. पूर्ण बंद. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल, डिल्टियाझेम लेव्हल चढवतात. टीबीचं रिफाम्पिसिन आणि फिटवरचं फेनिटॉइन पाडतात. कंपनी बदलली तरी लेव्हल पुन्हा बघावी लागते, म्हणून केमिस्टने ‘तेच आहे हो’ म्हणून दुसरी पट्टी दिली तर घेऊ नका. अंगदुखीवर डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन मागून घ्यायची आपल्याकडे रीतच आहे, ते किडनीला मारक. पॅरासिटामॉल चालते.

शहाळं पोटॅशियम बघितल्याशिवाय नको. टॅक्रोलिमस आणि सेप्ट्रान (इन्फेक्शन टाळायला दिलेलं अँटिबायोटिक) दोन्ही पोटॅशियम वर ढकलतात.

मळेकरीण
पावसाळ्याचं. लावणीला उतरायचं नाही, गमबूट घालूनही नाही. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) जंतू उंदरांच्या मुतातून चिखलात येतो आणि भेगाळलेल्या टाचेतून आत शिरतो. विहिरीचं पाणी गाळून, खळखळ उकळी आल्यावर मिनिटभर ठेवून, झाकून गार करा. दात घासायलाही तेच. कालवं, तिसऱ्या पूर्ण शिजलेल्याच. ताप १००.४ ला गेला की त्याच दिवशी युनिटला फोन. स्टेरॉइड ताप दाबतं, तेव्हा ९९.५ आणि मरगळ असली तरी थांबू नका.

खाडीकाठ
आई गोळी घेऊनच निघाली होती! जुलाब नाहीत, पपनस घरात नाही. सोमवारी डोसआधी पुन्हा देतो. त्या सकाळी बाकीच्या गोळ्यांचं काय?

जांभळं टोपण
रक्त देईपर्यंत थांबवायचं ते फक्त टॅक्रोलिमस, दिलं की लगेच घ्यायचं. बीपीची गोळी नेहमीच्या वेळी. आणि सोमवारचा रिपोर्ट युनिटने बघेपर्यंत डोस आहे तोच.