भावानं आयटीआयला मोटर मेकॅनिक घ्यावं की मशिनिस्ट? कोल्हापुरात पुढं काय?

मुरगूडची_ताई
नमस्कार. माझा धाकटा भाऊ यंदा दहावी झाला, ६४ टक्के. पुस्तकापेक्षा हात जास्त चालतो त्याचा. दोन मे महिने गावातल्या गॅरेजात काढलेत, जुन्या बाइकचा कार्बोरेटर एकटा खोलतो, साफ करून परत बसवतो. त्याला कळंब्याच्या सरकारी आयटीआयला मोटर मेकॅनिक घ्यायचंय. वडील म्हणतात मशिनिस्ट घे, म्हणजे मशीनवर लोखंड कापून पार्ट बनवायचं काम, शिरोलीला नाहीतर कागलच्या एमआयडीसीत कंपनीत चिकटशील, गॅरेजात आयुष्यभर हात काळेच राहतील. त्यात परवा मामा सांगून गेले की इलेक्ट्रिक गाड्या आल्या, आता मेकॅनिकचं संपलं. रोज जेवताना हाच विषय. फॉर्म भरायला थोडेच दिवस आहेत. मी बीकॉम केलंय, मला यातलं कळत नाही. धंद्यात असलेल्यांनी खरं काय ते सांगा.

स्पेअर_काउंटर
ताई, मी अकरा वर्षं स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरला आहे. या लाइनचा कुणी विचारच करत नाही म्हणून लिहितो. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, ‘ब्रेक शू द्या.’ गाडी तीच, नाव तेच, पण मधल्या एका वर्षी कंपनीनं माप बदललेलं असतं. चेसिस नंबर बघून बरोबर पार्ट नंबर काढणारा माणूस दुकानाला सोन्यासारखा असतो, कारण चुकीचा पार्ट गेला तर फिटरचा अर्धा दिवस जातो आणि तो पुढच्या वेळी दुसरं दुकान धरतो. गॅरेजचा अनुभव असलेला पोरगा इथं लवकर वर येतो. मात्र स्वतःचं दुकान टाकायचं तर भांडवलापेक्षा उधारी सांभाळणं अवघड आहे, ते आधीच सांगून ठेवतो.

उद्यमनगर_बोरिंग
ताई, शिवाजी उद्यमनगरात मी २७ वर्षं इंजिन बोरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग करतो, म्हणजे झिजलेला सिलिंडर मशीनवर कापून परत गोल करायचा आणि इंजिनचा फिरता दांडा, क्रँक, घासून मापात आणायचा. तुमच्या घरातला वाद वाचला आणि राहवेना. वडील आणि भाऊ दोघंही बरोबर आहेत, कारण माझं दुकान या दोन कामांच्या मधोमधच उभं आहे. गॅरेजवाला इंजिन खोलतो, ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनचा मुख्य भाग, माझ्याकडं आणतो, मी बोअर करून देतो, तो जोडतो. ज्याला दोन्हीकडचं कळतं असा पोरगा मी गेली तीन वर्षं शोधतोय.

काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे भावाला अंदाज येईल. ब्लॉक आला की मशीनला हात लावायच्या आधी मोजायचं. डायल बोअर गेज, म्हणजे बोअरचं (सिलिंडरच्या भोकाचं) आतलं माप काट्यावर दाखवणारं साधन, वर, मधे, खाली अशा तीन जागी धरायचं, प्रत्येक जागी क्रँकच्या दिशेनं एकदा आणि तिला काटकोनात एकदा. पिस्टनची वरची रिंग जिथवर येऊन परत फिरते तिथं बोअर जास्त झिजतो, आणि गोल राहत नाही, अंड्यासारखा होतो. हे सहा आकडे सांगतात की नुसत्या रिंगांवर भागेल, ०.२५ मिलिमीटरनं मोठा, म्हणजे ओव्हरसाइज, पिस्टन टाकायचा की सरळ ०.५० ला जायचं. न मोजता नव्या रिंगा टाकल्या की दोन महिन्यांत गाडी निळा धूर सोडत परत येते. मग दोष पार्टला देतात. पार्टचा काही संबंध नसतो.

मी शिकाऊ होतो तेव्हा माझ्या हातून एक इंजिन गेलं. ऊसाचा हंगाम तोंडावर, दसऱ्यानंतरचे दिवस, ट्रॅक्टरचे ब्लॉक ओळीनं लागलेले. बोअर मारून झाला, ब्लॉक अजून कोमट होता, आणि मी तसाच मोजून ‘बरोबर आहे’ म्हटलं. शंभर मिलिमीटरचा बिडाचा बोअर २० अंशांनी गरम असला तर २० मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) वर फुगलेला असतो. थंड झाल्यावर पिस्टन आणि बोअरच्या मधली जागा तेवढी कमी झाली. शेतकऱ्यानं ट्रॅक्टर नांगराला लावला आणि तासाभरात पिस्टन जाम. त्या माणसाचे ऐन हंगामातले आठ दिवस गेले. मिस्त्री मला काही बोलले नाहीत, स्वतःच्या खर्चानं इंजिन करून दिलं. तेव्हापासून ब्लॉक रात्रभर थंड होऊ दिल्याशिवाय मी शेवटचं माप घेत नाही, गिऱ्हाईक दारात बसलं तरी.

आता मामांचं म्हणणं. स्कूटरचे बोअर माझ्याकडं पूर्वीपेक्षा कमी येतात, हे खरं. पण आपल्या जिल्ह्यात ऊस वाहणारा ट्रॅक्टर डिझेलवर चालतो, ट्रक डिझेलवर चालतात. आणि मेकॅनिकचं काम इंजिन जायच्या आधीच बदललंय. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हा धुराचा कडक नियम आला तेव्हापासून नव्या बाइकला कार्बोरेटर जवळजवळ दिसत नाही, सेन्सरवर चालणारं पेट्रोलचं इंजेक्शन आलं. स्कॅनर लावला की तो बिघाडाचा कोड दाखवतो, पण ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असं नसतं. कधी वायर उंदरानं कुरतडलेली असते, कधी सायलेन्सरचा जॉइंट हवा खात असतो. मल्टिमीटर घेऊन वायर शोधणारा पोरगा लागतो, आणि तोच उद्या इलेक्ट्रिक गाडीवर काम करणार. त्यांनाही ब्रेक, बेअरिंग, सस्पेन्शन आहेच. फक्त चारचाकीतल्या केशरी केबलला शिकल्याशिवाय हात लावायचा नाही, त्यात जीव घेणारा करंट असतो.

२०१९ च्या महापुरानंतर पाण्यात राहिलेल्या गाड्यांची रांग लागली होती. ज्यांनी घाईनं स्टार्टर मारला त्यांचे कनेक्टिंग रॉड वाकले, कारण सिलिंडरमध्ये पाणी होतं आणि पाणी दाबलं जात नाही. ज्यांनी बॅटरी काढून गाडी ओढत आणली त्यांचं ऑइल बदलून, साफसफाई करून भागलं. हे लोकांना आधी सांगणारा एक माणूस प्रत्येक गल्लीत असता तर कितीतरी इंजिनं वाचली असती.

माझं मत: मोटर मेकॅनिक घेऊ दे, दोन वर्षांचा ट्रेड आहे. पण त्या दोन वर्षांत सुट्टीला लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून कापायच्या मशीनवर, उभं राहू दे आणि मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, वाचायला शिकू दे. सुरुवातीची तीन-चार वर्षं पैसा कमी मिळतो, ते घरच्यांनी धरून चालावं.

गोकुळ_शिरगाव_क्वालिटी
काकांशी सहमत, पण कंपनीची बाजूही सांगते. मी मशीन शॉपला इन्स्पेक्शनमध्ये आहे. फाउंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, वरून चकाचक येतं, एक कट मारला की आत ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळी, निघतं. ते ओळखणारी, बाजूला काढणारी माणसं कायम लागतात. हब, ब्रेक ड्रम, हाउसिंग इलेक्ट्रिकलाही लागणार, काळजी ब्लॉक आणि हेड हे इंजिनचे भाग ओतणाऱ्यांना आहे.

ताई, ‘कंपनीत चिकटशील’ एवढ्यावर जाऊ नका. माझ्या पहिल्या ठिकाणी ठेकेदारामार्फत घेतलं, अकरा महिने झाले की कामात खंड, परत नवीन कार्ड. तीन वर्षं गेली आणि हातात अनुभवाचा कागद नाही. भाऊ कुठंही जाऊ दे, अप्रेंटिसशिप नोंदणीकृत आहे का, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र आहे का, हे पहिल्या दिवशी विचारा. आणि दोन वर्षांचा आयटीआय झाला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, हे वडिलांना सांगा. त्यांची निम्मी काळजी तिथंच मिटेल.

मुरगूडची_ताई
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ता मोठ्यानं वाचून दाखवलं. डिप्लोमाचं ऐकून वडील गप्प झाले, मग म्हणाले, ‘बघू.’ भावाचा एकच प्रश्न आहे: काका, ते बोअर गेज एकदा हातात धरायला मिळेल का?

उद्यमनगर_बोरिंग
गुरुवारी दुपारी तीननंतर वडिलांना घेऊनच ये म्हणावं, पत्ता मेसेजमध्ये टाकतो. एक ट्रॅक्टरचा ब्लॉक आदल्या दिवशी मारून ठेवलेला असेल, पूर्ण थंड. शेवटचं माप त्यालाच घेऊ देतो, मग माझ्या आकड्याशी ताडून बघू. चप्पल घालून येऊ नको म्हणावं, खाली लोखंडाचा चुरा असतो.