आत्याचे पडके घर : विकण्याआधी काय पाहावे?

प्रश्न : राजापूर तालुक्यातील आत्याचे कौलारू घर मोडकळीस आले असून माजघराचे वासे वाळवीने पोखरले आहेत आणि मागची पडवी गेल्या पावसाळ्यात बसली. आत्या विधवा व निपुत्रिक होती, मृत्युपत्र नाही. घरपट्टी मीच भरतो. डागडुजी करून विकावे, की आहे तसे?

प्रतिसाद : डागडुजीचे नंतर पाहू, आधी हे घर आत्यांकडे कसे आले ते सांगा. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १५ नुसार निपुत्रिक स्त्रीला पतीकडून वारशाने मिळालेली मालमत्ता पतीच्या वारसांकडे, तर आईवडिलांकडून मिळालेली वडिलांच्या वारसांकडे जाते. घरपट्टीची पावती किंवा नमुना ८ (ग्रामपंचायतीचा घरपट्टी आकारणीचा उतारा) हा मालकीचा पुरावा नव्हे.

प्रश्नकर्ता : घर मूळ आजोबांचे, त्यांच्या पश्चात आत्याला मिळाले.

प्रतिसाद : मग आपली चुलत आणि आतेभावंडेही वाटेकरी असू शकतात. सर्वांची वारसनोंद करून घ्या, कारण खरेदीखतावर सगळ्यांच्या सह्या लागतील. जो येऊ शकत नाही, त्याचे कुलमुखत्यारपत्र (त्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार देणारे पत्र) घ्यावे.

आणखी एक प्रतिसाद : माझ्या मते डागडुजी करू नये. आमच्याकडे आलेल्या गिऱ्हाइकाने कौलांकडे मान वर करूनही पाहिले नाही. त्याने चिऱ्याचे जोते, विहिरीचे पाणी आणि गाडी अंगणापर्यंत येते का, एवढेच पाहिले. घर २००१ पूर्वीचे असल्याने विक्रीवरील भांडवली नफ्याचा कर काढण्यासाठी १ एप्रिल २००१ रोजीचे मूल्य नोंदणीकृत मूल्यांककाकडून काढून घ्या, आणि तेही, घर उभे आहे तोवर.