ध्रुवीय प्रकाश आणि अलिबागची सुई
ध्रुवीय प्रकाश, म्हणजे ध्रुवांजवळच्या आकाशात दिसणारा रंगीत उजेड, ही वर कडाडणारी वीजच का, असं विचारलं जातं. नाही. वळवात कडाडते ती ढगातली वीज. हे प्रकरण शंभर किलोमीटरच्या वरचं. पृथ्वीच्या चुंबकीय रेषांवरून वेगाने उतरणारे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या अणूंवर आदळतात, त्यातून तो हिरवा रंग. हेच इलेक्ट्रॉन विद्युतप्रवाहाचाही भाग असतात. प्रवाह एकीकडून खाली येतो, आयनावरणात (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरात) आडवा वाहतो आणि दुसरीकडून वर जातो. मोठ्या चुंबकीय वादळात, म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र डळमळतं तेव्हा, तो दहा लाख अँपिअरच्या घरात असतो. इलेक्ट्रॉन ऋणभारित, म्हणून ते उतरतात तिथे प्रवाह वर जाणारा धरतात; गंमत म्हणजे उतरत्या प्रवाहाच्या जागी बहुधा अंधारच, त्यामुळे प्रवाह तिथे उजेड असं समीकरण मांडू नये. नॉर्वेचा शास्त्रज्ञ बिर्कलँड याने या प्रवाहाची कल्पना १९०८ मध्ये मांडली. उपग्रह येईपर्यंत वाद चालला.

कोकणातून तो उजेड दिसत नाही, पण चुंबकीय वादळ कळतं. सप्टेंबर १८५९ मध्ये मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद आहे. (आपल्या अक्षांशांवर अशा घसरणीला मुख्यतः पृथ्वीभोवतीचा वलयाकार प्रवाह कारण असतो, तो वेगळा.) पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या विजेने मोजणाऱ्या चुंबकसुया बिघडणार, म्हणून हे काम अलिबागला हलवलं, १९०४ पासून तिथे नोंदी आहेत. अलिबागचा कुलाबा किल्ला बघायला कितीदा गेलो, पण जवळच हे मोजतात, हे फार उशिरा कळलं.