जुलाब, उलट्या आणि ओआरएस: पाकीट थोडं थोडं कालवलं तर चालतं का?

जुळे सोलापूरची आई
मुलगी 14 महिन्यांची, वजन 9 किलो. काल दुपारपासून 7 पातळ जुलाब, 3 उलट्या. ताप नाही, शौचात रक्त नाही. ओआरएसचं मोठं पाकीट आणलंय. ती एका वेळी जेमतेम अर्धी वाटी पिते, म्हणून दर वेळी वाटीभर पाण्यात चमचाभर पावडर टाकून देतेय. प्यायली की दहा मिनिटांत उलटी करालीय. सकाळपासून डोळे थोडे आत गेल्यासारखे वाटतात आणि पेला दिसला की झडप घालते. मेडिकलवाल्यांनी संत्र्याच्या चवीच्या तयार पेयाचा खोका दिलाय, तोही घरात आहे. सासूबाई म्हणतात दूध बंद करा. जुलाब थांबवायची गोळी द्यावी का?

बालविभाग_सिस्टर
ताई, वाटीत चमचाभर टाकणं आधी थांबवा. मोठं पाकीट म्हणजे साधारण 21 ग्रॅम, ते अख्खं 1 लिटर पाण्यातच. वाटी 150 मि.ली.ची धरली तर त्यात 3 ग्रॅम पुरतात, आणि भरलेल्या चमच्यात 5 ग्रॅम सहज बसतात. म्हणजे बाळाला दीडपटीहून दाट पाणी जातंय. दाट पाणी आतड्यात उलट अंगातलं पाणी ओढून घेतं, जुलाब वाढतात आणि रक्तातलं मीठ चढतं. शिवाय पाकिटातल्या मिठाचे आणि साखरेचे कण सारखे मिसळलेले नसतात, एखाद्या चमच्यात मीठच जास्त येतं. पातळ केलं तरी उपयोग नाही: ग्लुकोज आणि सोडियम ठरलेल्या मापात असले तरच आतडं ते जोडीने आत घेतं आणि त्यांच्यामागून पाणी जातं.

लिटरचं माप स्टीलच्या पेल्याने धरू नका, आपल्याकडचे पेले 200 पासून 300 मि.ली.पर्यंत कसेही असतात. सीलबंद पाण्याची 1 लिटरची रिकामी बाटली स्वच्छ धुऊन घ्या. पाणी उकळून गार केलेलं. पावडर टाकल्यावर पुन्हा उकळायचं नाही, वरून साखर, मीठ, सरबत काही नाही. झाकून ठेवा, 24 तासांनी उरलेलं ओतून द्या. एवढं वाया जातं म्हणून जीव खालीवर होत असेल तर 200 मि.ली.ची छोटी पाकिटं मिळतात, ती घ्या. मात्र पाकिटावर किती पाण्यासाठी ते दर वेळी वाचा. छोटं पाकीट लिटरभर पाण्यात टाकणं ही चूकही फार होते.

उलटीचं कारण बहुधा वेग. तहानलेलं मूल घटाघटा पितं आणि पोट ते परत फेकतं. उलटीनंतर 10 मिनिटं थांबा. मग सिरपच्या टोपणाने किंवा बिनसुईच्या सिरिंजने 5 मि.ली., दर दोन मिनिटांनी. ती पेल्यासाठी रडेल, तरी पेला हातात देऊ नका. असं चमच्याने तासाला 150 मि.ली. जातं, थोडं वाटत नाही ना? टिकायला लागलं की हळूहळू वाढवा.

आत गेलेले डोळे आणि अधाशासारखी तहान, ही दोन लक्षणं एकत्र म्हणजे अंगातलं पाणी कमी झालंय. आजच डॉक्टरांना दाखवा. अशा वेळी किलोमागे 75 मि.ली., म्हणजे तुमच्या मुलीला सुमारे 675 मि.ली., 4 तासांत द्यायचं असतं आणि ते कोणाच्या तरी देखरेखीखाली दिलेलं बरं. वाटेत रिक्षातही चमचा चालू ठेवा.

औषधदुकान_होटगीरोड
तो खोका बाजूला ठेवा. अशा पेयांत बहुतेक वेळा साखर जास्त आणि मीठ कमी असतं, त्याने जुलाब वाढू शकतात. याच कारणाने ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस लिहायला बंदी केली. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का बघा: लिटरला मीठ 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5, पोटॅशियम क्लोराइड 1.5, सायट्रेट 2.9.

जुलाब थांबवायची गोळी लहान मुलांना अजिबात नाही. आतड्याची हालचाल थांबते, घाण आतच राहते, पोट फुगतं. लागते ती झिंकची गोळी: 6 महिन्यांवरच्या बाळाला रोज 20 मि.ग्रॅ., 14 दिवस. चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून द्या. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की लोक गोळी बंद करतात. तसं करू नका, पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याचं प्रमाण कमी होतं ते पूर्ण 14 दिवसांनीच.

बालविभाग_सिस्टर
दूध बंद करायचं नाही, हे राहिलं. सासूबाईंची काळजी खरी आहे, पण उपाशी पोटी आतडं लवकर भरून येत नाही. अंगावरचं दूध मागेल तेव्हा. उलटी थांबली की मऊ मुगाची खिचडी, दहीभात, केळं. चहा, ग्लुकोज पावडर, बाटलीबंद रस नको. डोळ्यांत तरतरी आली की पुढे प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मि.ली. ओआरएस.

मात्र पुढचं काही दिसलं तर वाट न पाहता सिव्हिल किंवा जवळचा बालरुग्ण विभाग गाठा, गाडी नसेल तर 108: सुस्त पडणं, पिताच न येणं, सगळंच उलटून टाकणं, 6 तास लघवी नाही, शौचात रक्त, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर सावकाश खाली बसणं.

जुळे सोलापूरची आई
लिटरभर कालवलं, टोपणाने देतेय, अर्ध्या तासात उलटी नाही. आता दवाखान्यात निघतोय. घरात जावेचं दोन महिन्यांचं बाळ आहे, त्याचं काय करायचं?

पाणी_आणि_आरोग्य
त्याला फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. रोटाव्हायरस म्हणजे लहान मुलांना जुलाब करणारा विषाणू, त्याची लस 6, 10 आणि 14 आठवड्यांना तोंडाने देतात, सरकारी दवाखान्यात मोफत. पहिला डोस राहिला असेल तर याच आठवड्यात. लंगोट बदलल्यावर हात साबणाने, नुसते पाण्याने नाही.

आणि साठवलेलं पाणी. आपल्याकडे नळ काही दिवसांआड येतो, म्हणून पिंप भरलेलं असतं, आणि त्यात पेला बुडवताना बोटं बुडतात. लांब दांड्याचं ओगराळं किंवा तोटीचं पिंप वापरा. नळ आल्यावर सुरुवातीचं गढूळ पाणी सोडून द्या. थंड पाण्याचा जार शुद्धच असतो असं नाही, बाळांसाठी तोही उकळायचा: खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट.