हनुवटीचे केस, लेझर पार्लरमध्ये की डॉक्टरकडे?

पुणेकरीण: हनुवटीवर जाड केस येतात, दर आठवड्याला थ्रेडिंग करून वैतागलेय. रंग सावळा आहे. पार्लरवाली सहा सिटिंगचं पॅकेज स्वस्तात देतेय, घेऊ का?

सई_के: नको गं! मी तेच केलं, काळे चट्टे पडले ते जायला आठ महिने गेले. नंतर कळलं ते लेझर नव्हतंच, आयपीएल होतं, म्हणजे नुसता तीव्र प्रकाशाचा झोत मारणारं मशीन.

कोथरूडकर: स्किनचे एमडी किंवा डीडीव्हीएल (त्वचारोगाचा डिप्लोमा) डॉक्टरच बघा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर विचारा आणि मशीन कुठलं तेही, सावळ्या त्वचेला १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग (लेझरचा एक प्रकार) जास्त सेफ, आधी टेस्ट पॅच (छोट्याशा जागेवर चाचणी) मागाच, नाही म्हणाले तर सरळ उठून या.

सई_के: आणि पीसीओएस (बायकांमधला हार्मोन्सचा त्रास) आहे का तेही तपासून घे, नाहीतर केस परत येत राहतात.